धामणीचा दांडा

आबा,

तासणीला नवा दांडा घालायला खरोखर काय पडतं, ते मी गेल्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा मोजलं. पैशांत म्हणाल तर काहीच नाही. धामणीच्या लाकडाचा हातभर तुकडा माळ्यावर पडून होता. पण जेवून हात धुतल्यावर जो बसलो तो दिवेलागणीलाच उठलो. आधी अंदाजानं तासायचा, मग चाकूनं उतरवायचा, मग फुटक्या काचेनं खरवडायचा, तासणीच्या भोकात बसवून बघायचा, काढायचा, पुन्हा खरवडायचा. मग जवसाचं तेल भरपूर चोळून भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्याच्याकडे बघायचंही नाही. तेल प्यायला त्याला एक रात्र लागते, एक अख्खा दिवस लागतो आणि वर आणखी एक रात्र. त्याआधी धरलात तर तळवा चिकटतो. म्हणजे एक दुपार, दोन रात्री आणि मधला एक दिवस. ही दांड्याची खरी किंमत. इतकी वर्षं हत्यारं वापरली, पण दांडे दुसऱ्यांनी घातले, म्हणून हे मोजायची वेळच आली नाही.

मोडला तो तुम्ही दिलेल्या तासणीचा दांडा. माझ्या एका माणसानं ती पहारीसारखी लॉरीच्या फळीत घातली आणि जोर दिला. बिचारा घाबरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. जुना दांडा टाकवत नव्हता, म्हणून घरी आणला. आता समोर ठेवूनच लिहितोय.

उरण नाक्यापलीकडे माझी शेड आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिथं भाताचं खाचर होतं. आता तिथं लॉरीच्या लाकडी बॉड्या बांधतो. हाताखाली नऊ माणसं आहेत, सगळी जेवूनखाऊन सुखी आहेत, आणि दर शनिवारी शेडला कुलूप असतं. ड्रायव्हर लोक हसतात. एकजण तर प्रत्येक खेपेला विचारतो, "क्या मिस्त्री, आधे यहुदी हो गये क्या?" मी म्हणतो, "आधा नहीं भाई, सातवाँ हिस्सा." आणि कुणी सल्ला विचारायला आलं, मग तो जमिनीचा असो, सोयरिकीचा असो की भावाभावांच्या वाटणीचा, मी त्याला तुमचंच वाक्य देतो: आज हो म्हणू नको आणि नाहीही म्हणू नको. शनिवार मध्ये जाऊ दे, मग बोल. लोकांना वाटतं हे माझंच शहाणपण आहे. मी वाटू देतो.

त्याचा उपयोगही झाला, खोटं कशाला सांगू. थोरलीला बेलपाड्याहून मागणी आली तेव्हा ती मंडळी गुरुवारी नारळ घेऊनच आली होती. शेतीवाडी, मिठागरात वाटा, मुलगा बंदरात कामाला. नाव ठेवायला जागा नाही. मुलाची आई म्हणाली, "आमी आजच शब्द घेऊन जाणार." मी म्हणालो, शनिवार जाऊ द्या. बाई फुगली. शनिवारी शेड बंद, मी ओटीवर बसलेलो आणि शेजारी पोरगी तांदूळ निवडत होती. बराच वेळ खडे वेचल्यावर खाली मान घालून म्हणाली, "बाबा, माणूस चांगला हाय. पण आई बोलाय लागली का तो जमिनीकडं बघतो." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला एकट्याला शेडवर बोलावलं. तासभर बोललो. एकटा होता तेव्हा मान वर करून बोलत होता. मग लग्न ठरलं, पण वेगळी चूल आधी ठरवून. गुरुवारी मी हो म्हणालो असतो तर पोरगी त्या घरात घुसमटली असती, आणि नाही म्हणालो असतो तर चांगला माणूस हातचा गेला असता. आज ती सुखात आहे. तुमच्या शनिवाराचं देणं आहे ते.

पण मला हा शनिवार कुठून मिळाला, ते आठवायला लागलं की आज बेलपाडा, शेड, नातवंडं सगळं मागे पडतं आणि बंदर रोडवरचं तुमचं अंगण दिसायला लागतं. मी चोविशीतला, मिठागरातलं मीठ पनवेलला आणणारा गाडीवान. दारातून गाडी आत घेतो. आठ फुटांचं दार, दोन्ही बाजूंना सागाचे खांब, गाडी कशीबशी मावते. तुम्ही बाभळीच्या ओंडक्यावर बसून तुंबा कोरताय. चाकाच्या मधला तो गोल ठोकळा, ज्याच्यात सगळे आरे येऊन बसतात. डोक्यावर काळी टोपी, मिशा पांढऱ्या. वर न बघताच विचारता, "काय रे, चाक दाखवायला आलास की बैल?"

"डाव्या चाकाचा एक आरा सैल हाय."

"कुठला?"

"लोखंडी धावेचा सांधा वर आला का त्याच्या पुढचा तिसरा."

तुम्ही उठलात, मोगरीनं एकेक आरा ठोकत गेलात आणि तिसऱ्यावर थांबलात. "वाकून बघितलंस होय?"

"नाय. जासईपासून ऐकत आलोय."

मग तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंत आणि अंगणातली दहा चाकं ओळीनं वाजवलीत. मी तीन वाईट सांगितली. मागून काहीच आवाज येईना म्हणून वळलो, तर तुम्ही तिसऱ्या चाकाकडे बघत डोकं खाजवत होता. ते तुम्ही स्वतः केलेलं होतं. "कान विकतोस का रे?" तुम्ही विचारलंत.

"कान इकला तर बायको काय बोलते ते कसा ऐकू?"

"त्यासाठीच विक म्हणतो."

आतून काकी हसल्याचा आवाज आला. त्या घरातलं मी ऐकलेलं ते पहिलं हसू. मी तिथल्या तिथं कामाला राहायला तयार होतो. बैल विकून टाकतो म्हणालो. तेव्हा तुम्ही हात वर केलात. "आज नाही. शनिवार मध्ये जाऊ दे. रविवारी ये आणि सांग." मला रागच आला. वाटलं, म्हाताऱ्याला माणूस नको आहे, पण तोंडावर सांगवत नाही. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरा बोलला तो. शनवारी लोखंड नाय आणीत न् शब्द पन नाय देत." रविवारी उजाडता तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "आलास? मला वाटलं नव्हतं." मी म्हणालो, "मलापण."

तुम्ही बेने इस्राएल. शनिवारी तुमच्या घरात चूल पेटायची नाही, हत्याराला हात लागायचा नाही. शुक्रवारी दुपारी बाराला तुम्ही मोगरी खाली ठेवायचात, आम्हाला घरी घालवायचात, अंगण झाडायचात. मग दिवस मावळायच्या आत आंघोळ, काकीनं लावलेला तेलाचा दिवा, आणि तुमच्या मशिदीकडे जाणं. तुम्ही प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणायचात, आणि मला ते समजायला वर्ष लागलं. सुरुवातीला मी एकदा म्हणालो, मी काही तुमच्यातला नाही, मी शनिवारी येऊन आरे तासून ठेवतो. तुम्ही म्हणालात, "शनिवारी माझ्या अंगणात बैलसुद्धा काम करत नाही, असा हुकूम आहे. तू बैलापेक्षा मोठा का?" आणि मग एकदा, खूप दिवसांनी, हा नियम तुम्ही मला उलगडून सांगितलात. माणूस हो म्हणतो तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून म्हणतो. नाही म्हणतो तोही तसाच. शनिवारी समोर कुणी नसतं. गिऱ्हाईक नाही, काम नाही, लगबग नाही. तेव्हा आत काय वाजतंय ते ऐकायचं. "चाक चालताना सगळेच आवाज येतात," तुम्ही म्हणालात. "उभं करून ठोकलं की एकच येतो. तुला तर कान आहे, तुला सोपं जाईल."

सोपं गेलं नाही. एका मीठवाल्याला मी तुम्हाला न विचारता सोमवारचा शब्द देऊन बसलो होतो आणि हाताशी सुकलेला तुंबा नव्हता. ओला घातला. धाव चढवायच्या दिवशी गोवऱ्यांच्या गोल चुलीत लोखंडाची कडी लाल झाली, तिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली, पाणी ओतलं, वाफेनं अंगण भरलं. कडी आवळली की प्रत्येक सांधा करकरतो आणि शेवटी चाक एकदाच ठण् बोलतं. ते चाक बोललं नाही. मला ऐकू आलं होतं. मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही मोगरी घेऊन आलात, एकदा ठोकलंत आणि सगळ्यांदेखत ती नवी धाव कापायला लावलीत. आतला तुंबा उभा चिरलेला होता. मला वाटलं आता मार पडणार. तुम्ही म्हणालात, "चाकाला घाई नव्हती. तुला होती. आणि ऐकून गप्प बसलास, ते चिरीपेक्षा वाईट." मग आत ओरडलात, "अगं, याला आधी जेवायला वाढ. उपाशी माणसाला लाज पचत नाही." काकीनं नारळाच्या दुधातलं बोंबलांचं कालवण आणि भात वाढला. मी जेवत होतो, ती चुलीपाशी बसून म्हणाली, "मला लग्नात हे चाकच म्हणाले होते. म्हणे, वाजवून घेतलंय." ती हसावी म्हणून मी हसलो.

आणखी एक रीत होती अंगणाची. जो माणूस तुमच्याकडून सुटून दुसरीकडे जायचा त्याला तुम्ही एक हत्यार द्यायचात. पातं तुमच्या वापरातलं, दांडा नवा, त्याच्या हाताच्या मापाचा. कल्याणला गेलेल्या त्या उंच सुताराला पटाशी दिलीत तेव्हा मी गमतीनं विचारलं, "आणि मला काय?" तुम्ही म्हणालात, "राहणाऱ्याला काय द्यायचं? सगळी त्याचीच." ते ऐकून मी आठवडाभर फुशारलो होतो.

मग काकी गेली. तुमची दोन्ही मुलं त्याआधीच बोटीनं इस्राएलला गेली होती. शुक्रवारचा दिवा तुम्ही लावायला लागलात, आणि वात कधी मोठी व्हायची, कधी विझायची. चाकांचं गिऱ्हाईकही कमी झालं होतं. पुण्याच्या रस्त्यानं लॉऱ्या जायच्या आणि आपण दोघं ओंडक्यावर बसून त्या मोजायचो. तुम्ही म्हणायचात, "यांची चाकं बोलत नाहीत, नुसती ओरडतात." अशातच एका गुरुवारी तुम्ही मला बसवून घेतलंत. हातात मुलांचं पत्र होतं.

"बोलावतायत," तुम्ही म्हणालात. "मला जायचं नाही. तुझ्या काकीला इथं एकटी टाकून कुठं जाऊ? पण हे अंगण आता माझ्या एकट्यानं ओढवत नाही. तू राहणार असशील तर मी राहतो. चाकं चालोत, न चालोत, काहीतरी करू. तू नाही म्हणालास तर राग नाही. मी बोटीत बसेन." मी तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर केलात. "आज नाही. रविवारी."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाराला काम सुटलं. मी नाक्यावरच्या हॉटेलात चहाला थांबलो. तिथं पुण्याकडचे एक लॉरीमालक महिनाभर माझ्या मागे होते. त्यांना बॉड्या बांधायचा कारखाना काढायचा होता आणि लाकडाचा कान असलेला भागीदार हवा होता. त्या दिवशी ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, निघायच्या तयारीत. "मिस्त्री, मी आत्ता मुंबईला लाकूड घ्यायला चाललो. तुमच्या नावानं घेऊ का माझ्या एकट्याच्या? आत्ता सांगा. मला दुसरा माणूस तयार आहे." आजूबाजूची चार माणसं ऐकत होती. मला वाटलं, मी गप्प राहिलो तर हे सगळे म्हणतील, हा म्हाताऱ्याच्या धोतराला धरून बसलाय. आणि मी हो म्हणालो. त्यांनी पान मागवलं, मी खाल्लं. त्या चौघांतला एक गाडीवान उठून बाहेर गेला, झाडाखालची त्याची मिठाची गाडी सुटली आणि बंदर रोडकडे लागली. मला तेव्हासुद्धा तिचा आवाज ओळखू आला. आपल्याच अंगणातली चाकं होती, सहा महिन्यांमागची, घट्ट. बरं वाटलं. काय बरं वाटलं असेल, ते आज विचारू नका.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मासे साफ करत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "आज शुकरवार ना? मंग आजच हो कशाला बोललात? आबांनी रविवार सांगला व्हता." मी म्हणालो, धंद्यात असं चालत नाही. ती म्हणाली, "बरा," आणि खवले काढायला लागली. तिचं 'बरा' मला रात्रभर ऐकू येत होतं.

आणि मग तो शनिवार आला. काम नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं. मी तळ्याच्या पायरीवर जाऊन बसलो. ठरवून काही विचार केला नाही. पाण्यात कुणीतरी म्हशी धूत होतं. आणि दुपारी कधीतरी, अगदी सहज, मला तुमच्या अंगणाचं दार दिसलं. आठ फुटांचं. त्याचा एक खांब चार फूट सरकवला की दार बारा फुटांचं होतं. बारा फुटांत लॉरी आत येते. अंगण एवढं मोठं होतं की दोन लॉऱ्या उभ्या राहून बैलगाडीलाही जागा उरली असती. एका बाजूला चाकं, दुसऱ्या बाजूला बॉड्या, मधे ओंडक्यावर तुम्ही. लॉरीमालकालाही जागा शोधायची होतीच. शुक्रवारी मला दोनच रस्ते दिसले होते, तुम्ही किंवा ते. तिसरा रस्ता त्या खांबाच्या पलीकडे होता आणि तो दिसायला मला फक्त एक दिवस रिकामं बसायला लागलं. मी उठून धावत नाक्यावर गेलो. ते मुंबईला गेले होते. आता ते माझ्या नावानं लाकूड उतरवून घेत असतील, चार माणसांदेखत शब्द दिलाय, पान खाल्लंय. माघार घेतली तर पनवेलात तोंड कसं दाखवू? तुमच्याकडे येऊन सगळं सांगितलं असतं तर तुम्ही एका क्षणात मार्ग काढला असता, हे मला त्या पायरीवरही ठाऊक होतं. पण त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं की मी शुक्रवारीच हो म्हणालो. ते मला जमलं नाही. एवढंच कारण आहे, आबा. दुसरं कुठलंही मी आजवर शोधून काढू शकलो नाही.

रविवारी उजाडता आलो. तुम्ही ओंडक्यावर बसला होता, अंगावर शाल. मी जमिनीवर बसलो आणि बोलायला लागलो. खूप विचार केला म्हणालो. तळ्यावर दिवसभर बसलो होतो, ते खरंच होतं, ते सांगितलं. लॉरीचे दिवस आलेत, पोरीबाळी आहेत, तुमचंही वय झालं, मुलांजवळ बरं पडेल. एकही वाक्य अडखळलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग एकच विचारलंत.

"शनिवार मध्ये गेला ना?"

"गेला, आबा."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. किती वेळ, कोण जाणे. मला वाटलं, वाईट वाटतंय म्हाताऱ्याला. मग तुम्ही मान हलवलीत. "शनिवारातून आलेल्या गोष्टीवर मी बोलत नाही," म्हणालात. शालीखालून तासणी काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. तुमची स्वतःची, वडिलांपासूनची. दांडा नवा होता. मी डावरा, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक. मुठीजवळचा बाक डाव्या पंज्यात बसेल असा काढला होता. तळव्यात असा बसला की मला रडू यावं. हाताला जराही चिकटला नाही.

दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. एस.टी.च्या खिडकीतून म्हणालात, "पावसाळा संपला की काकीच्या कबरीवरचं गवत काढत जा. मुळापासून, वरवर नको." दरवर्षी काढतो. शेजारी तुमच्यासाठी सोडलेली जागा होती, तिथलंही काढतो. अंगण ज्यानं घेतलं त्यानं पहिल्याच महिन्यात तो खांब सरकवला, गोदामात लॉरी यावी म्हणून. मी रस्त्यावर उभा राहून बघितलं. दोन माणसं आणि एक दुपार, एवढंच काम होतं. तिसऱ्या वर्षी तुमच्या धाकट्याचं पत्र आलं, तुम्ही गेल्याचं. त्यानं लिहिलं होतं की बाबांना इथं करमलं नाही; गल्लीच्या टोकाला एका सुताराचं दुकान होतं, तिथल्या माणसाची भाषा त्यांना येत नव्हती, पण शनिवार सोडून रोज तिथं जाऊन बसायचे. मी ते पत्र बायकोला वाचून दाखवताना ती ओळ वगळली.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत एका गोष्टीवर घातली. लाज वाटते सांगायला, पण आत कुठंतरी ऐटही होती. मी म्हणायचो, पाप केलं खरं, पण नीट केलं. ज्या माणसाला आयुष्यभर एकाही लाकडानं फसवलं नाही, त्याला पनवेलात फसवून गेलेला माणूस एकच, आणि तो मी. तुम्ही निदान समाधानानं गेलात, असं मी धरून चाललो होतो. तुमच्या दृष्टीनं माझा निर्णय शनिवारातून आलेला होता, स्वच्छ होता. खोट्याचा हा एवढा उपयोग झाला असं मला वाटायचं.

गेल्या आठवड्यात दांडा भिंतीला टेकवून ठेवला आणि तेल प्यायची वाट बघत बसलो. एक रात्र, एक दिवस, एक रात्र. काही काम नव्हतं म्हणून मागे मागे मोजत गेलो. रविवारी पहाटे तुम्ही दिलेला दांडा कोरडा होता. हत्यार तुम्ही जाणाऱ्यालाच द्यायचात, राहणाऱ्याला नाही. ती मिठाची गाडी हॉटेलाबाहेरून सुटून बंदर रोडला लागली होती, म्हणजे तुमच्या दारावरूनच जाणार होती, आणि गाडीवानानं माझं 'हो' ऐकलेलं होतं. चाकांचा आवाज मला ओळखू आला. ती कुठं चालली आहेत, ते ऐकू आलं नाही. ऐकायला इतकी वर्षं लागली.

तुमच्या धाकट्याचा पत्ता आहे माझ्याकडे, पण हे त्याला कशाला पाठवू. मोडका दांडा आणि हा कागद एकत्र बांधून माळ्यावर ठेवतोय. एकच गोष्ट विचारायची राहिली, आणि ती विचारायला आता कुणी नाही: त्या रविवारी मी खरं बोललो असतो, तर तुम्ही ती तासणी शालीखालीच ठेवणार होता का? मला वाटतं, तुम्ही शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत होता. मी बोललो नाही.

शनिवारी तुम्ही हत्याराला हात लावत नव्हता. दांडा शुक्रवारी दुपारी केलेला होता.